सूत्र आणि वृत्ति

सूत्र कितीही बांधेसूद असो, वृत्तीवांचून तें विद्यार्थ्याच्या हातीं लागत नाहीं. पाणिनीच्या सुमारें ४,००० सूत्रांवर पिढ्यान्‌पिढ्या भाष्यें लिहिलीं गेलीं, तीं याच गरजेपोटीं. संगणकविद्येंतही हाच न्याय कसा लागू पडतो, तें आज आमच्या वाचकांपुढें ठेवूं.

हल्लींच्या बहुतेक संगणकांत टीपीएम नांवाची सुरक्षा-चिप असते. यंत्र सुरू होतांना जो जो प्रोग्राम चालावयाचा, त्याची गणितानें काढलेली मुद्रा तिच्या कोष्ठांत मिळविली जाते. जुन्या मुद्रेंत नवी मिसळून तिसरी काढावयाची, अशी रीत असल्यामुळें मागील नोंद कोणास खोडतां येत नाहीं. कागदपत्रांच्या कुलुपाची किल्लीही तिच्या स्वाधीन करतां येते. मुद्रा जुळल्या तरच ती किल्ली देते.

१९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्स कर्नेलमध्यें या चिपची सोय २००५ पासून आहे. कर्नेल घडवितांना अशा सोयींविषयीं प्रश्न येतो : आंतच बांधावी, वगळावी, कीं मागाहून जोडावी? प्रश्नासोबत चार ओळींची टीप असते. टीपीएमची टीप सांगते कीं, एसीपीआय ही दुसरी सोय नसेल तर प्रारंभींच्या घटनांची यादी मिळत नाहीं, आणि तिच्यावांचून ० ते ७ या कोष्ठांची शहानिशा होत नाहीं. एवढें वाक्य नसतें तर माणूस चिप असूनही चांचपडत राहिला असता.

याहून घातक प्रकार मौनाचा. फायलींच्या मुद्रा नोंदणारी आयएमए ही व्यवस्था फार लवकर जागी होते. चिपचा ड्रायव्हर मागाहून जोडण्याजोगा ठेवला असेल, तर तिला चिप सांपडत नाहीं. यंत्र थांबत नाहीं; रोजनिशींत एक ओळ उमटते, आणि चिपवांचूनच पुढें काम चालतें. मालक मात्र निर्धास्त!

उत्तम टीप लाभाबरोबर किंमतही सांगते. २०२४ सालीं ६.१० या आवृत्तींत चिप व कर्नेल यांमधील संभाषण कोणी चोरून ऐकूं नये म्हणून एक पर्याय आला; त्यामुळें प्रत्येक व्यवहारावर गुप्तलेखनाचा भार पडतो, हेंही तेथेंच नमूद आहे.

गृहस्थांनीं यांतून एक गोष्ट अवश्य घ्यावी. यंत्राचा मुख्य भाग बदलला कीं मुद्रा जुळत नाहींत, आणि चिप घरच्या माणसासही किल्ली देत नाहीं. कर्त्या पुरुषाच्या पश्चात् असें झालें, तर दस्तऐवज, हिशेब, छायाचित्रें सर्व कुलुपांतच राहावयाचें. म्हणून पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर उतरून यंत्रापासून दूर, दागिन्यांच्या पेटींत ठेवावी. कोणती मांडणी कोणीं, केव्हां व कां बदलली, हें वहींत लिहावें. आणि ती वही कोठें आहे, हें घरांतील निदान दोघांस ठाऊक असावें.