तारेने आवळलेले झाड का वाळते?

वस्तीतले झाड म्हणजे सर्वांच्या सोयीचा खांब! त्याला कपडे वाळत घालायची तार बांधायची, पाटीसाठी खिळा ठोकायचा, मंडपाची दोरी आवळायची. तार बांधली तेव्हा झाड मनगटाएवढे असते. काही वर्षांनी ते मांडीएवढे होते, तार मात्र तेवढीच राहते आणि सालीत रुतत जाते. मग झाड वाळू लागले की आपण म्हणतो, कीड लागली असेल. कोणी बादलीभर पाणीही ओतते. पण बंधु-भगिनींनो, अशा झाडाला आधी तुटवडा पडतो तो पाण्याचा नव्हे, मुळांच्या जेवणाचा!

झाडात ये-जा करण्याचे दोन रस्ते असतात. पाणी जाते लाकडातल्या बारीक नळ्यांतून, म्हणजे जलवाहिन्यांतून. मुळांवरचे केसासारखे धागे मातीतले पाणी शोषतात. खताचे क्षारही त्या पाण्यात विरघळूनच आत शिरतात. (म्हणून कोरड्या कुंडीत खताची मूठ टाकू नये. क्षार जास्त झाले तर मुळांना पाणी घेणेच जमत नाही आणि रोप मान टाकते.)

हे पाणी शेंड्यापर्यंत चढते कसे? झाडाला पंप नाही. पानांच्या छिद्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते, याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा कण उडाला की तो खालच्याला ओढतो, आणि ती ओढ थेट मुळापर्यंत पोचते. डब्लिनच्या डिक्सन व जोली यांनी 1894 साली हा विचार मांडला. आपले जगदीशचंद्र बोस यांना तो पटला नव्हता. जिवंत पेशीच पाणी वर ढकलतात असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रज्ञांनी पुढे ओढीचीच बाजू मान्य केली. त्याच्याही आधी, 1724 साली, इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाचे रोप कुंडीसकट तराजूत घालून वजन केले होते. साडेतीन फुटांचे ते रोप दिवसाच्या बारा तासांत अर्ध्या किलोहून जास्त पाणी हवेत सोडत होते.

दुसरा रस्ता रसवाहिन्यांचा. पाने उन्हात साखर तयार करतात, ती या वाटेने मुळांपर्यंत पोचते. येथे ओढ नसते, दाब असतो. ज्वारीवरचा मावा सोंड खुपसतो ती याच वाहिन्यांत. दाबाने रस आपोआप त्याच्या पोटात येतो, आणि जादा झालेला गोड रस पानांवर चिकटा होऊन पडतो.

आता खरी गोम. हा जेवणाचा रस्ता सालीच्या आतल्या अंगाला, अगदी वरवर असतो. इटलीचे माल्पिघी यांनी सतराव्या शतकात फांदीची गोल साल काढून पाहिली. वरचा भाग फुगला, कारण खाली जाणारा रस तेथेच अडला. तार हेच करते, फक्त सावकाश. पाणी अजून वर जात असते, म्हणून पाने बराच काळ हिरवी दिसतात. तिकडे मुळे उपाशी मरतात; ती मेली की पाणीही बंद होते. उलट जुन्या चिंचेचे खोड आतून पोकळ झाले तरी ती हिरवीगार असते, कारण मधले लाकूड कधीच मेलेले असते. नारळाची गोष्ट वेगळी. त्याच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, म्हणून चढायला खाचा केल्या तरी तो तगतो.

मुलांनी पावसाळ्यात तेरड्याचे रोप मुळासकट उपटून, मुळे धुऊन, लाल शाईच्या पाण्यात ठेवावे. काही तासांत पातळ देठातून लाल रेघा चढताना दिसतील.

आणि मोठ्यांनी आपल्या दारातले झाड एकदा चाचपून पाहावे. शहरी भागासाठी 1975 साली झालेल्या राज्याच्या वृक्ष कायद्यात झाडाला इजा करणे हेसुद्धा झाड तोडण्यातच धरले आहे. तार वरवर असेल तर सोडवून टाका. सालीत पुरती गडप झाली असेल तर ओढून काढू नका, त्याने साल आणखी फाटेल. बाहेर दिसते तेवढी पकडीने कापा आणि आतली तशीच राहू द्या.