वावरातले गोटे कोणाचे?

इंग्लंडात लीड्सजवळ गारफर्थ नावाचं गाव आहे. तिथं २०२२ मध्ये बांधकामाआधी जमीन तपासली तर ६० च्या वर माणसांच्या कबरी निघाल्या. काही रोमन राजवटीच्या शेवटच्या काळातल्या, काही त्यानंतर आलेल्या सॅक्सन लोकांच्या. एक बाई तर शिशाच्या पेटीत पुरलेली. काही जण सुरुवातीचे ख्रिस्ती असावेत असाही अंदाज आहे. बातमी जगभर गेली.

मला त्या पेटीपेक्षा 'बांधकामाआधी' हा शब्द मोठा वाटला. तिथं परवानगी देतानाच अट घालता येते की आधी खोदून बघा, अन् खर्च बिल्डरचा.

आता आपल्या विदर्भाचं घ्या. नागपूरच्या काटोल रोडवर जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत. मोठे गोटे गोलात मांडलेले, मधात दगडमातीचा भराव, त्याखाली मेलेल्या माणसासोबत ठेवलेली मडकी, लोखंडी कुऱ्हाडी. माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडेही पुरलेले, त्यांच्या तोंडावर तांब्याचा साज. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं हे सगळं. म्हणजे ती शिशाच्या पेटीतली बाई यांच्यापुढं कालची! जुनापाणीला १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं खोदलं, अन् तिथल्या वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

हे फक्त नागपूरकडचं आहे असं समजू नका. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात, चांदूर बाजार तालुक्यातल्या फुपगावला २०१८-१९ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणानं लोहयुगातली वस्ती खोदून काढली. अकोल्याहून किती लांब आहे ते?

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीनं. पण जे यादीतच नाही त्याचं काय? तिथं एनए होतो, मुरूम उचलला जातो, गोटे धुऱ्यावर नाहीतर पायव्यात जातात. लेआउट किंवा गौण खनिजाची परवानगी देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयानं नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला एक पत्र टाकावं, एवढीच माझी मागणी आहे.

शेतकरी सांगत नाही, कारण त्याला भीती असते की सरकारला कळलं की वावर गेलं. ही भीती खोटी म्हणून झटकू नका. पण १८७८ चा गुप्तधनाचा कायदा त्याला कोणी समजावून सांगितला का? जमिनीत १० रुपयांच्या वर किमतीचं जुनं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, नाहीतर शिक्षा. कळवलं अन् ते बेवारस ठरलं, तर सापडणाऱ्याचा वाटा तीन चतुर्थांश, जमीनमालकाचा एक चतुर्थांश. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर मोबदला द्यावा लागतो. हे तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लावायला किती खर्च येतो?

तुमच्या शिवारात असे गोलातले गोटे असतील तर कॉमेंटमध्ये फोटो टाका. गट नंबर मात्र लिहू नका, तो मला मेसेज करा. गारफर्थवाल्यांनीही काम होईपर्यंत जागा बाहेर पडू दिली नव्हती. चोरही फेसबुक वाचतात भाऊ.