ऊंसतोडीचा हिवाळा आणि बांधावरचीं मुलें

थंडी पडूं लागली म्हणजे आपल्या भागांत सर्वांचें लक्ष साखरेच्या उताऱ्याकडे लागतें. दिवस कोरडे आणि रात्री गार असल्या म्हणजे उंसाची वाढ मंदावते व कांड्यांत साखर सांठते. म्हणूनच कारखान्यांचे हंगाम कार्तिकाच्या सुमारास सुरू होऊन फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतात. हें सर्व आपणांस पाठ आहे. पण ज्या गारठ्यानें आपल्या उंसांत साखर भरते, त्याच गारठ्यांत आपल्याच बांधावर, पाचटाच्या कोपींत, दोन-चार वर्षांचीं मुलें रात्री काढतात, याविषयीं आपल्या सभांत व मासिकांत अवाक्षर निघत नाहीं. आज तेवढ्याविषयींच लिहावयाचें आहे.

हीं कुटुंबें कोण? आपल्यांतील कित्येकांचा समज असा दिसतो कीं, तोडकरी म्हणजे ना घर ना जमीन असलेले फिरस्ते लोक. हा समज बरोबर नाहीं. बीड जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डी, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून येणारांपैकीं पुष्कळ जण आपल्यासारखेच सातबाराचे धनी आहेत. फरक इतकाच कीं, त्यांच्या जमिनीला पाणी नाहीं. मृगावर बाजरी, तूर, कपाशी पेरावी, पावसानें दिलें तें पदरांत घ्यावें आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप घालून निघावें, असा त्यांचा क्रम कित्येक घरांत दोन-तीन पिढ्यांचा झाला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. घरीं म्हातारीं माणसें असलीं तर जाणतीं मुलें त्यांच्याजवळ ठेवितात. अंगावर पिणारीं, आणि ज्यांना सांभाळण्यास घरीं कोणीच उरलेलें नाहीं अशीं, तीं आईबापांबरोबर निघतात.

करार मुकादमाशीं होतो आणि त्याची उचल बहुधा पावसाळ्यांतच घेतलेली व खर्चलेली असते. करारांत मोजलें जातें तें माणूस नव्हे, कोयता. आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. पुरुष एकटा आला तर तो अर्धा कोयता. एक दिवस कामावर नाहीं तर खाडा, आणि खाड्याची रक्कम हिशेबांतून कापली जाते. या वहींत मुलाला कोठेंच रकाना नाहीं. मूल तापानें फणफणलें म्हणून आई कोपींत राहिली, तरी वहींत खाडाच पडतो. पोर कामावर आणण्यांत आईला हौस आहे असें बोलणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं ही वही एकदां वाचावी.

आपण जेजुरीला किंवा सोलापुरास सिद्धेश्वराच्या यात्रेला मुलें घेऊन निघालों म्हणजे काय काय बरोबर घेतों तें आठवून पाहावें: कानटोपी, शाल, दुधाची बाटली, औषधाची पुडी. तोडकऱ्यांचा प्रवास ट्रकांत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत होतो. भांडीं, पत्रे, बाजरीचीं पोतीं, कोंबड्या, एखादी शेळी, कित्येक वेळां बैलहि. आणि या सर्वांच्या वर मुलें. बीडाहून कोल्हापुराकडे जाणारास तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट पडते, व तींतला मोठा भाग रात्रीं कापला जातो. बरें, एकदां पोहोंचलें म्हणजे प्रवास संपला असेंहि नाहीं. बैलगाडीवाले कारखान्याजवळच्या तळावर राहून रोज फडापर्यंत जातात-येतात. ट्रकवर काम करणाऱ्या टोळ्या एका गांवचा ऊंस संपला कीं दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड हलवितात. पांच महिन्यांत एका मुलाचें अंथरूण किती गांवांच्या मातीवर पडतें याची गणती कोणी ठेवीत नाहीं.

फडावरचा दिवस आपण बांधावरून पाहतों, पण तो पहांटे तीन-चारला सुरू होतो तो आपण पाहत नाहीं. चूल पेटवून भाकऱ्या थापावयाच्या, मुलाला पाजावयाचें, आणि उजाडण्यापूर्वीं फड गांठावयाचा. उंसाचें पातें करवतीसारखें असतें. दंवानें भिजलेल्या फडांत शिरलें कीं पहिल्या अर्ध्या घटकेंत अंगावरचीं वस्त्रें ओलीं होतात. मूल वाढ्यांच्या ढिगाजवळ गोधडीवर ठेवितात, किंवा बांधावर झाड असलें तर त्याला झोळी बांधतात. राखणीला सात-आठ वर्षांची थोरली बहीण. तिचें स्वतःचें पुस्तक गांवीं राहिलें आहे. दुपारीं मोळ्या बांधून झाल्या कीं त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढवावयाच्या. तोडलेला ऊंस पडून राहिला तर वजन घटतें व साखर उतरते, चोवीस तासांच्या आंत तो गव्हाणींत पडावा, हें आपणच आग्रहानें सांगतों आणि तें बरोबरहि आहे. त्याचा परिणाम असा होतो कीं, वाहन रात्रीं दहाला आलें तर दहाला भरावें लागतें. अंधारांत ट्रॅक्टर मागें घेतला जात असतां मूल कोठें निजलें आहे हें चालकास दिसत नाहीं. अशा अपघातांच्या बातम्या हंगामांत वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत येतात. फोटो येतो तो मात्र उताऱ्याच्या विक्रमाचा!

जुन्नर-संगमनेरकडच्या वाचकांस आणखी एक भय सांगावयास नको. बिबट्या आतां डोंगरांतला पाहुणा राहिलेला नसून उंसांतच वाढणारें जनावर झालें आहे. फड कमी होत जातो तसतसा तो उरलेल्या पट्ट्यांत दडतो, आणि त्या पट्ट्याच्या कडेलाच बिनदाराची कोप असते. लहान मुलें त्याचे बळी झालीं आहेत.

आतां दुसरी बाजू. "तुम्ही तोडकऱ्यांचा कैवार घेतां, पण आम्हांला ते किती नागवितात तें लिहा," असें आमचे बागायतदार मित्र म्हणतील. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. तोड लवकर हवी तर खुशाली द्या, वाहनचालकाला निराळे पैसे द्या, हा त्रास आम्हींहि भोगला आहे. उचल घेऊन टोळीच न आल्यामुळें वाहतूकदार कर्जांत बुडाल्याचीं उदाहरणें गांवोगांव आहेत. या गोष्टींचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण खुशाली मागितली ती कोणी, आणि थंडींत कुडकुडतो तो कोण, हा विवेक राहूं द्यावा. मुकादमावरचा राग दोन वर्षांच्या मुलावर काढण्यांत न्याय तर नाहींच, शहाणपणहि नाहीं. यंत्रें आलीं म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटेल असेंहि कांहीं जण म्हणतात. यंत्राला रुंद सरी व मोठें सलग क्षेत्र लागतें. ज्याचा ऊंस एक एकर आणि बांध चोहोंकडे, त्याच्या शेतांत कोयता अजून बरींच वर्षें येणार.

शासनानें कांहींच केलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें तर सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वर्षांतून केव्हांहि शाळेंत दाखल करून घेतलें पाहिजे, दाखल्याच्या कागदासाठीं अडवूं नये, असें स्पष्ट ठरविलें. तोडकऱ्यांच्या नांवानें कल्याण महामंडळ निघालें असून गाळपाच्या दर टनामागें कारखान्यानें १० रुपये द्यावे व तितकेच शासनानें घालावे असा त्याचा पाया आहे. त्यांच्या मुलांसाठीं वसतिगृहांची योजनाहि आहे. तोडणीच्या दरांत २०२४ च्या जानेवारींत ३४ टक्के वाढ ठरली. हें सर्व स्वागतार्हच. पण वसतिगृह झालें तरी तें शाळकरी मुलांचें. जें मूल अजून दूध पितें त्याला वसतिगृहांत ठेवतां येत नाहीं, आणि त्याच्या आईला तें गांवीं ठेवतां येत नाहीं. आमच्या मतें सगळ्या योजनांतून निसटणारें मूल तें हेंच, आणि त्याचा हिवाळा शासनाच्या कचेरींत नव्हे, आपल्या सर्व्हे नंबरांत जातो. म्हणून त्याच्यापुरती पहिली जबाबदारी जमीनमालकाची आहे, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

जबाबदारी म्हटली कीं खर्चाची धास्ती पडते, पण येथें खर्च फारसा नाहीं. कोपी कोठें पडाव्या हें आज मुकादम ठरवितो, आणि तो रस्त्याला जवळची जागा पाहतो. म्हणजे वाहनांचा मार्ग व मुलांचें अंगण एकच होतें. मालकानें ती जागा स्वतः दाखवावी: फडापासून दूर, वाहनवाटेपासून बाजूला, उंचवट्यावर, व शक्य तर वस्तीच्या दिव्याच्या उजेडांत. विहिरीवरचें पाणी घेऊं द्यावें. पाटाचें पाणी पिऊन हगवण लागलेलें मूल पाहिलेला माणूस याला ना म्हणणार नाहीं. ज्यांच्या गोठ्याला पडवी आहे त्यांनीं थंडीच्या कडाक्यांत ती रात्रीपुरती लेंकुरवाळ्यांना मोकळी करावी. रात्रीं वाहन भरतांना मुलें कोठें आहेत तें आधीं पाहून मगच चाक हलूं द्यावें, एवढें चालकाला दटावून सांगण्याचा अधिकार ज्याचा ऊंस त्याला नाहीं तर कोणाला?

अंगणवाडीचें विशेष सांगावयाचें आहे. ही योजना देशांत १९७५ पासून चालू आहे आणि आपल्या बहुतेक गांवांत तिची खोली आहे. पण बाहेरगांवची बाई आपण होऊन तेथें जात नाहीं. तिला वाट ठाऊक नसते, उसंत नसते, आणि कोणी हटकील असें भय असतें. घरच्या लक्ष्मीनें एकदां तिला व मुलाला बरोबर नेऊन सेविकाबाईंशीं गांठ घालून दिली तर आहाराचें व लसीचें काम मार्गीं लागतें. गोवराची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दुसरी पुढें दीड वर्षाच्या सुमारास द्यावयाची असते. श्रावणांत जन्मलेल्या मुलाची दुसरी पाळी नेमकी फडावर येते आणि चुकते. कार्ड गांवीं राहिलें असेल तरीहि विचारावें. हें काम पुरुषांपेक्षां आपल्या घरांतील स्त्रिया अधिक चांगलें करतील, कारण आई आईशींच मोकळेपणीं बोलते.

सहकारी कारखान्याच्या सभासदांस आणखी एक गोष्ट करतां येईल. १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना चालू झाला, तो सावकार व व्यापारी यांच्या तोंडाकडे पाहून जगणाऱ्या कुणब्यांनीं उभा केला. त्या कारखानदारीचे आपण वारस म्हणवितों. मग वार्षिक सभेंत दराचा प्रश्न विचारून झाल्यावर हेंहि विचारावें कीं, टनामागचे १० रुपये भरले काय, तळावर पाळणाघरासाठीं एक पत्र्याची खोली व दोन बायांचा पगार यांची तरतूद कां नाहीं, आणि लेंकुरवाळ्या बाईचे ठराविक खाडे माफ करण्याचें कलम मुकादमाच्या करारांत कां घालूं नये. अध्यक्ष हंसतील, मागच्या बांकावरून कोणी शेराहि मारील. पुढच्या वर्षीं तोच प्रश्न चार जणांनीं विचारावा.

तोडणीचे करार पावसाळ्याच्या तोंडाशीं होतात आणि सभा त्यानंतर भरते, तेव्हां कलमाचा अर्ज ज्येष्ठांतच लेखी दिलेला बरा. कोपीची जागा मात्र तोड येण्यापूर्वीं आठ दिवस पाहून, पाचट व कांटेकुटे काढून, चुन्याची रेघ मारून ठेवावी. टोळी रात्रीं उतरली तरी मुकादमाला ती दिसेल.