घराच्या किमतीत जमीन किती?

दसरा झाला की पनवेल-उरणच्या रस्त्यांवर घरांच्या जाहिरातींचे फलक उगवतात. यंदा त्यांना जास्तच जोर आहे. हा अंक छपाईला जात असतानाच, ८ ऑक्टोबर २०२५ ला, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी सुरू झाली होती. आता विमानतळ, सेतू आणि स्टेशन या तिन्हींच्या नावाने घरे विकली जात आहेत. मोरा बंदरात लाँचमधून उतरणारा नोकरदार, न्हावा-शेव्याच्या कंटेनर यार्डात पाळी करणारा कामगार, उरणच्या बाजारात दुकानावर राबणारी बाई ही सगळी माणसे हे फलक रोज वाचतात. यंदाच्या अंकाचा मुख्य विषय आम्ही त्यांच्यासाठी निवडला आहे : कष्टाच्या पगारात शहरात घर परवडायचे, तर नेमके काय स्वस्त व्हावे लागते?

आधी थोडा हिशेब करू. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या नावाने २६ हजार घरांची योजना आणली. किमती जाहीर झाल्या जानेवारी २०२५ मध्ये. उरण लोकलच्या वाटेवरच्या बामणडोंगरीत, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी राखलेल्या घराची किंमत होती ३१ लाख ९० हजार रुपये. दुर्बल घटक कोण, तर ज्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत आहे तो. अडीच लाखांचे सरकारी अनुदान वजा धरले, तरी साडेएकोणतीस लाखांच्या आसपास उरतात. त्यातले २५ लाख बँकेने ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी दिले, तर महिन्याचा हप्ता एकवीस हजारांच्या घरात जातो आणि अखेरीस पन्नास लाख फेडून होतात. उरलेले साडेचार लाख आणि मुद्रांक शुल्क हाताशी असले पाहिजे, हे वेगळेच. महिना ५० हजार मिळवणाऱ्या घराला हा हप्ता जेमतेम झेपेल; २५ हजार मिळवणाऱ्याने अर्ज तरी कशाला करायचा? किमती कळल्या आणि लोक नाराज झाले. सोडतीत घरे जास्त आणि अर्जदार कमी अशी वेळ आली.

स्वस्त घर म्हटले की पहिली मागणी व्याजदर उतरवण्याची होते. २०२५ मध्ये तो उतरलाही. फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. २५ लाखांच्या कर्जावर एक टक्का कमी झाला, तर हप्ता सुमारे सोळाशे रुपयांनी घटतो. सप्टेंबरअखेर सिमेंटवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्के झाला. या सवलती नकोत असे कोण म्हणेल? पण विटा, सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी उरणमध्ये आणि सोलापुरात काही दुपटी-तिपटीच्या फरकाने मिळत नाही. फरक पडतो तो जमिनीत. व्याजातली सवलत हातात पडेपर्यंत जमिनीचा भाव ती गिळून बसलेला असतो.

म्हणून या भागातल्या जमिनीची कहाणी आठवावी लागते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली.  १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या रक्तातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व आले. म्हणजे इथली जमीन खुल्या बाजारात विकत घेतलेली नाही. शहर वसवायचे म्हणून सरकारने ती शेतकऱ्याकडून घेतली.

तीच जमीन पुढे निविदा काढून, सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला विकली गेली. सिडकोची बाजूही ऐकायला हवी. भूखंडांच्या पैशातून रस्ते, पाणी, स्टेशने उभी राहिली. उरण रेल्वेच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोचाच होता. सरकारी तिजोरीवर भार न टाकता शहर उभे करण्याची ही रीत वाईट म्हणता येत नाही. पण तिचे दुसरे टोकही पाहा. रेल्वेसाठी जमीन विकली, रेल्वे आली म्हणून जमिनीचा भाव चढला, आणि तो चढलेला भाव दुर्बल घटकाच्या घराच्या किमतीत उतरला. ज्यांची शेती घेतली त्यांच्याच मुलांना ते घर परवडेना. त्यांनी गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न तर अजून लोंबकळतोच आहे.

मग परवडणारे घर होतच नाही का? होते, आणि महाराष्ट्रातच झाले आहे. मुंबईत मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याखालची अतिरिक्त जमीन मागितली, न्यायालयात झगडा केला आणि गोरेगावच्या दिंडोशीत सहा हजारांहून अधिक घरे उभी केली. हा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला; त्याबरोबर हा रस्ताही बंद झाला. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था केली. सोलापूरजवळच्या कुंभारीत गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले. घर सुमारे साठ हजारांत पडले : एक वाटा केंद्राचा, एक राज्याचा, एक कामगाराचा. त्याच वाटेने पुढे तीस हजार घरांचे रे नगर आले आणि जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या. सरकारे बदलली, गणित बदलले नाही. दिंडोशी असो की कुंभारी, घर स्वस्त पडले, कारण त्यात शहराच्या बाजारभावाची जमीन नव्हती. शिवाय राहणाऱ्यांची संस्था होती, मधला नफेखोर नव्हता.

सिंगापूरचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते याच कारणाने लागू पडते. तिथेही सरकारने १९६६ च्या कायद्याने जमीन सक्तीने घेतली. पण तिच्यावर गृहनिर्माण मंडळाने ९९ वर्षांच्या पट्ट्याने घरे दिली, किंमत लोकांच्या पगाराकडे पाहून ठरवली आणि ठरावीक काळ राहिल्याशिवाय विकण्यास बंदी घातली. आज तिथली बहुसंख्य जनता अशा घरांत राहते. जमीन आपण त्यांच्यासारखीच घेतली, विकली मात्र निराळ्या रीतीने.

जमीन दूर असली की स्वस्त मिळते, हे खरे. मुंबईच्या गिरणी कामगारांना दूरच्या शेलू-वांगणीची घरे पुढे केली गेली, ती याच हिशेबाने. त्यांच्यातल्या अनेकांनी ती नाकारली, कारण रोजचा प्रवास हाही घराचाच हप्ता असतो. मोऱ्याइतके हे कोणाला कळणार? मुंबईचा भाऊचा धक्का समोर दिसतो, पण ओहोटीला गाळामुळे लाँच अडकते आणि रो-रो जेट्टीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. अटल सेतूवर मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये पडतात. ज्या दुचाकीवर कामगाराचे घर चालते, तिला तिथे प्रवेशच नाही. लोकल आली, पण तिच्या फेऱ्या अजून मोजक्या. विमानतळाला जोडणाऱ्या रस्त्यांची जेवढी घाई झाली, तिच्या निम्म्याने मोऱ्याचा गाळ निघाला असता, तर इथल्या शेकडो घरांचा महिन्याचा खर्च उतरला असता.

राज्याने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट त्यात आहे. आकड्याचे स्वागत आहे. मात्र आमच्या मागण्या साध्या आहेत. सिडकोकडे उरलेल्या जमिनीचा ठरावीक हिस्सा निविदेतून बाहेर काढा आणि तो कामगारांच्या, प्रकल्पग्रस्तांच्या सहकारी संस्थांना पट्ट्याने द्या. किंमत बाजारभावावरून नव्हे, उत्पन्नावरून ठरवा. अशी घरे बाजारात परत विकता येणार नाहीत, हे करारातच लिहा. गरजेपोटीच्या घरांचा निकाल लावा. आणि घरांची जागा ठरवताना लोकल, बस आणि लाँचचे वेळापत्रक आधी मांडा.

या अंकातले लेख, मुलाखती आणि कथा घर या विषयाभोवती आहेत. काही लेख आम्हाला न पटणारेही आहेत, ते मुद्दाम घेतले.  वाचकांना विनंती एवढीच, की मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला यंदा एक प्रश्न विचारा : आमच्या गावची सरकारी जमीन कोणाला, कोणत्या भावाने देणार? उत्तर लेखी मागा.



— संपादक