दगड आणि खिडकी

बाळाच्या वाढीतील टप्प्यांना इंग्रजीवरून ‘मैलाचे दगड’ म्हणण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. आईबापांची निम्मी धास्ती या रूपकातूनच येत असावी. दगड एका जागी रोवलेला. मूल तिथे पोहोचले की नाही, एवढेच विचारायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील ८१६ बालकांच्या निरीक्षणांवरून बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे अशा सहा स्थूल हालचालींचे कालावधी प्रसिद्ध केले, तेव्हा दगडाच्या जोडीला ‘खिडकी’ हा शब्द आणला. आधाराशिवाय चालण्याची खिडकी ८.२ ते १७.६ महिने इतकी रुंद! ४.३ टक्के बालके तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

‘मान धरणे’, ‘पालथे पडणे’ या आपल्या शब्दांतही महिन्यांची अट नाही. (शेजारणींच्या तोंडी मात्र ती असते.) पण या मोकळेपणाचे फार कौतुक करू नये. ‘याचा बापही उशिराच चालला’ या दिलाशात काही मुलांच्या उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपल्या यादीतून रांगणे वगळले, हे सर्वांच्या लक्षात राहिले. उरलेले टप्पे किमान ७५ टक्के मुले ज्या वयात गाठतात तिथे नेले, ते ‘थांबून पाहू’ ही वृत्ती मोडण्यासाठी, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. खिडकीलाही चौकट असते. अठराव्या महिन्यातही न चालणाऱ्या मुलाची तपासणी व्हायलाच हवी. आलेली हालचाल गमावणाऱ्या मुलासाठी तर तोवरही थांबायचे नसते.