दोन गाड्यांच्या मधले पाच तास

आपल्यासारख्या लहान गावातल्या बायकांचा प्रवास नेहमी कशासाठी तरी असतो. नणंदेच्या मुलीचं लग्न, बहिणीचं बाळंतपण, मामंजींचं ऑपरेशन, नाहीतर कुणाचं तेरावं. नुसतं फिरायला म्हणून घराबाहेर पडणं वर्षानुवर्षं जमत नाही. मात्र या कामाच्या प्रवासातच कधीकधी मुंबईत गाडी बदलावी लागते आणि मधे चार-सहा तास हातात येतात. त्या तासांत स्वयंपाक नसतो, धुणं नसतं, पाहुणे नसतात. आणि तरी ते आपले होत नाहीत. ते जातात सामानाजवळ.

कुठल्याही मोठ्या स्टेशनवर पाहा. चादर अंथरलेली, भोवती बॅगा, पिशव्या आणि लाडवांचा डबा, मधे बाई. घरातली पुरुषमंडळी ‘जरा एक चक्कर मारून येतो’ म्हणून निघून गेलेली. दोन तासांनी ती परत येतात, गेटवे पाहिला, समुद्र पाहिला म्हणून सांगतात, आणि बाई ऐकून घेते. वीस-वीस वर्षं मुंबईवरून ये-जा करणाऱ्या बायका मला माहीत आहेत, ज्यांनी मुंबईचा फक्त प्लॅटफॉर्म पाहिलाय. सामान राखणं हे बाईचं काम, असं रेल्वेच्या कुठल्या टाइमटेबलात छापलंय?

सामानाची सोय रेल्वेनंच करून ठेवलेली आहे. सीएसएमटीला मेल-एक्स्प्रेसच्या बाजूला क्लोकरूम आहे. पुढच्या प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचं, पावती घ्यायची. अट एकच, बॅगेला कुलूप हवं. म्हणून निघतानाच घरून छोटी कुलपं घ्या, स्टेशनबाहेर तीच चढ्या भावात मिळतात. दागिने, पैसे, औषधं आणि तिकीट मात्र आपल्या पर्समध्येच. लाडवांचा डबाही हातातच ठेवावा हे बरं. (लाडवांवर नजर ठेवायला घरातली मुलं पुरेशी असतात, ती गोष्ट वेगळी.) सासूबाईंना चालवत नसेल तर महिलांच्या प्रतीक्षालयात त्यांना बसवून आळीपाळीनं जाता येतं. आळीपाळीनं म्हणजे पुरुषांचीही पाळी, हे आधीच बोलून घ्यावं.

दुसरी गोष्ट, पुढची गाडी कुठल्या स्टेशनवरून सुटते ते तिकिटावर नीट वाचा. मुंबई म्हणजे एक स्टेशन नव्हे. विदर्भ, देवगिरी, महालक्ष्मी या गाड्या आपल्याला सकाळी सीएसएमटीला आणून सोडतात. पण तिथून कोकणात जायचं तर मत्स्यगंधा कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून, तुतारी दादरहून. गाडी दुसरीकडून असेल तर दोन तास आधीच बाजूला काढून ठेवावेत. उरलेले आपले.

गेल्या खेपेला आमच्या बचत गटाच्या अकरा जणी ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात पापड-चटण्या विकून परत निघालो होतो. रात्रीची देवगिरी होती आणि दुपारपासून वेळ मोकळा. ‘बसू की इथंच, कुठं पाय तोडायचे,’ असा पहिला सूर निघालाच. शेवटी सामान ठेवलं आणि स्टेशनसमोरच्या भुयारी मार्गानं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिलो. वळून पाहिलं तर समोर ती इमारत! एरवी आपण तिच्या पोटातून धावत असतो, तिचं तोंड कधी बघतच नाही. १८८८ मध्ये ती बांधून झाली, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. दाराच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. आणि सगळ्यात उंच, घुमटावर, उभी आहे एक बाई. हातात मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. तिचं नाव प्रगती. आमच्यातली एक साठीची मावशी कपाळावर हात धरून कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘तीस वर्षं इथून जातेय गं, वर बाई हाये हे कुणी सांगितलंच न्हाई.’

तिथून डाव्या हाताला चालत गेलं की दहा मिनिटांत महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे जुनं क्रॉफर्ड मार्केट. समोरच कापडाची मंगलदास मार्केट. पण माझं मत विचाराल तर थोड्या वेळात खरेदीच्या नादी लागूच नये. साडी गावातही मिळते, आणि घासाघीस करता करता तास कधी सरतो कळत नाही. त्यापेक्षा उजवीकडे वळावं. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या इमारतींना खालून लांबच लांब कमानी आहेत, त्यामुळे ऊन असो, पाऊस असो, चालायला त्रास नाही. पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांचं ते स्मारक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं. शाळेच्या पुस्तकात वाचलेली जागा समोर दिसली की अंगावर काटा येतो. जवळच विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, १८७८ मध्ये पुरा झालेला. त्यासाठी पैसे देणारे प्रेमचंद रायचंद यांनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं. त्या माउलीला दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता, म्हणून वेळ सांगणारी घंटा, असं सांगतात. पाय दुखले नाहीत तर पुढे वस्तुसंग्रहालय आणि गेटवेपर्यंत जाता येतं; दुखले तर बेस्टची बस आहे. तिचं किमान भाडं २०२५ च्या मे महिन्यापासून पाचाचं दहा रुपये झालंय. भुयारी मेट्रोही २०२५ च्या ऑक्टोबरपासून सीएसएमटी आणि हुतात्मा चौकावरून जाते. तेवढ्यासाठीसुद्धा एक फेरी मारायला हरकत नाही.

सगळं बघायचा हट्ट मात्र धरू नये. दोन ठिकाणं निवांत बघावीत, एखाद्या पायरीवर बसून वडापाव खावा, चहा घ्यावा.

आता जे कुणी मोठ्यानं बोलत नाही ते. बायका बाहेर पडत नाहीत याचं अर्धं कारण सामान आणि अर्धं कारण स्वच्छतागृह. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हा आपला ठरलेला उपाय. त्यानं डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते आणि लग्नघरी पोचेपर्यंत बाई आजारी पडते. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम बायकांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या मिळाव्यात म्हणूनच उभी राहिली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर आजही तेच चालतं, आणि त्यावर तक्रार करणारी बाई ‘भांडकुदळ’ ठरते. तर स्टेशन सोडण्याआधी प्रतीक्षालयातल्या स्वच्छतागृहात जाऊन या, पर्समध्ये सुटे पैसे आणि साबणाचा तुकडा ठेवा, आणि पाणी प्या. तेवढ्यासाठी लाजू नका.

एकट्या असाल तर घरच्यांना फोन करून कुठे जाताय ते सांगावं, फोनची चार्जिंग जपावी. रेल्वेत किंवा स्टेशनवर काही अडचण आली तर १३९ हा नंबर आहे. पत्ता विचारायचा तर पोलीस किंवा दुकानातली बाई. लोकलनं जायचं तर बायकांचा डबा, पण संध्याकाळी पाच ते आठ मुळीच नको. त्या गर्दीत रोज जाणाऱ्या मुंबईच्या बायकांनाच दमछाक होते, आपण पिशवी घेऊन कुठे शिरणार?

आणि रविवार असेल तर आधी मेगाब्लॉकची चौकशी करा. मध्य आणि हार्बर मार्गावर त्या दिवशी दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद असतात. तसं असेल तर सीएसएमटीच्या आसपास पायीच फिरावं आणि गाडीच्या तासभर आधी क्लोकरूमची पावती हातात घेऊन परत यावं.