लिंडेनचा कचरा आणि मातीतले जिवाणू

गॅमेक्सिनची पांढुरकी पावडर जुन्या पिढीला चांगली आठवत असेल. ढेकूण-झुरळांवर घरात आणि किडींवर शेतात ती सर्रास धुरळली जायची. तिच्यातला कीड मारणारा घटक म्हणजे लिंडेन. खरूज आणि उवांवरच्या औषधांतही तो असे. स्टॉकहोम कराराच्या यादीत तो २००९मध्ये आला. भारतात त्याचे उत्पादन २०११पासून आणि वापर २०१३पासून बंद झाला. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१५मध्ये तो माणसात कर्करोग घडवतो असे जाहीर केले. म्हणजे विषय संपायला हवा होता. संपला नाही, कारण कचरा जागच्या जागी आहे.

बेंझिन आणि क्लोरिनपासून हे रसायन बनवताना जे मिश्रण हाती येते, त्यात लिंडेन जेमतेम १० ते १५ टक्के असते. बाकी भावंडे, अल्फा, बीटा, डेल्टा वगैरे, कीड मारायला निरुपयोगी. ती कारखान्याजवळ ओतली गेली. जगभरात असा कचरा ४० ते ७० लाख टन असावा, असा अंदाज आहे. लखनौजवळच्या उम्मरी गावातील एका ढिगाच्या जागी एक ग्रॅम मातीत ४५० मिलिग्रॅम रसायन आढळले. त्याला माती म्हणायचे ते केवळ सवयीने.

तरीही तिथे जिवाणू जगतात. स्फिंगोबियम कुळातल्या या जिवाणूंकडे क्लोरिन तोडणारी एन्झाइमे आहेत. गंमत अशी, की हे रसायन शेतात आले ते १९४०च्या दशकात. आणि एवढ्या अल्पकाळात भारत, जपान, फ्रान्समधल्या जिवाणूंनी ते पचवण्याची साधने जुळवली. दिल्ली विद्यापीठातील रूप लाल यांच्या गटाने यातल्या ‘बी९०ए’ या वाणावर दीर्घकाळ काम केले. मक्याच्या कणसातले दाणे काढल्यावर उरणाऱ्या दांड्याच्या भुशावर हे जिवाणू बसवून दूषित मातीत मिसळले, तेव्हा रसायन लक्षणीय घटले.

अडचण बीटाची आहे. त्याची रचना इतकी स्थिर, की लिंडेन झटपट फोडणारे एन्झाइम त्याच्यापुढे हात टेकते. दुसरे एन्झाइम त्याचा एखाददुसरा क्लोरिन काढते, पण पुढचे काम रेंगाळते आणि मधलेच अर्धवट तुटलेले पदार्थ मातीत साचतात. नेमका हाच बीटा चरबीत सर्वांत जास्त काळ टिकतो, आईच्या दुधातही सापडतो. त्यामुळे ‘एवढे टक्के रसायन गेले’ हा दावा ऐकताना कोणते गेले आणि त्याचे काय झाले, हे विचारलेच पाहिजे. शिवाय ओलावा, हवा आणि अन्न मिळाले नाही, तर बाहेरून सोडलेले जिवाणू स्थानिकांपुढे टिकत नाहीत.

म्हणून ढीग आधी उचलून बंदिस्त करणे अटळ आहे. तेही जोखमीचेच: स्पेनमधील साबिन्यानिगोजवळचा ढीग २०१४मध्ये हलवताना हेच रसायन गायेगो नदीत उतरले. जिवाणूंचे खरे क्षेत्र त्यानंतर सुरू होते, ढिगाभोवतीच्या कमी दूषित शेतजमिनीत. तिथे ते स्वस्त आहेत, माती खणून जाळावी लागत नाही. मात्र जिवाणू सोडून ढीग तसाच ठेवला, तर दर पावसाळ्यात तेच विष पुन्हा त्या शेतांत उतरेल.